फ्लोरेन्सला दोन दिवस: चामड्याची बॅग, सोनं आणि साबा

मेतकूटभात | १४ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात इटलीला निघतोय. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस. मी, नवरा आणि साबा (सासूबाई, वय ७१, गुडघे शाबूत, उत्साह माझ्या दुप्पट). काय बघायचं यावर इथे ढीगभर धागे आहेत, ते चाळून झाले. मला विचारायचंय ते खरेदीचं, आणि तेही फक्त फ्लोरेन्सचं.

मला एक चामड्याची बॅग घ्यायची आहे. एकच, पण दहा वर्षं टिकेल अशी. साबांना कुणीतरी सांगितलंय की तिथल्या पुलावर सोनं मिळतं, त्यामुळे त्या आत्तापासून पाटल्यांची मापं घेऊन बसल्यात. नवऱ्याला काहीच नको आहे, म्हणजे शेवटी सगळ्यात जास्त तोच घेणार. शिवाय शेजारीपाजारी, ऑफिस, नणंद यांच्यासाठी किरकोळ काहीतरी. तिथे भाव करतात का? टॅक्स परत मिळतो म्हणतात तो खरंच मिळतो का? अनुभवी लोकांनी लिहा.

घासाघीस | १४ सप्टेंबर

सान लोरेन्झोचा बाजार. डोळे मिटून जा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्याच गाड्या: बॅगा, पट्टे, पाकिटं, जाकिटं. मी १८० युरो सांगितलेली बॅग ११० ला आणली. रोख नोटा हातात दिसल्या की आकडा आपोआप खाली येतो. आणि भाषेची काळजी नको. बरेचसे विक्रेते बांगलादेशी, माझ्याशी तर चक्क हिंदीत बोलले. "भाभीजी के लिए ले लो" ऐकून क्षणभर लिंकिंग रोडला उभा असल्यासारखं वाटलं.

उंटावरचा शहाणा | १४ सप्टेंबर

लिंकिंग रोडसारखंच वाटायचं असेल तर लिंकिंग रोडला जावं. रिक्षाने होतं. (दिवे घ्या, गंमत करतोय)

पंचगंगा | १५ सप्टेंबर

घासाघीस, ती ११० ची बॅग आता कशी आहे?

घासाघीस | १५ सप्टेंबर

हँडलजवळ पापुद्रे निघायला लागलेत. पण दोन वर्षं वापरली हो!

पंचगंगा | १५ सप्टेंबर

हे विचारायचं कारण होतं. मी कोल्हापूरचा, घरात तीन पिढ्या चपलांचा धंदा. फ्लोरेन्सला २०१९ मध्ये गेलो होतो तेव्हा चर्च कमी आणि चामडं जास्त बघितलं, बायको अजून बोलते. मेतकूटभातताई, बॅग बघताना रंग, बक्कल, चेन नंतर बघा. पहिल्यांदा कातडं कमावलंय कसं ते विचारा.

दोन तऱ्हा आहेत. एक क्रोमची, म्हणजे रसायनाची, लवकर होते, माल मऊ आणि कुठल्याही भडक रंगात मिळतो. दुसरी झाडपाल्याची. त्यात चेस्टनटचं लाकूड, केब्राचो, मिमोसा वापरतात, आणि मिमोसा म्हणजे आपल्या बाभळीचंच भाऊबंद. आमच्याकडे बाभळीची साल आणि हिरडा, तिकडे हे. विद्या एकच. त्याला आठवडेच्या आठवडे लागतात. फ्लोरेन्स आणि पिसाच्या मध्ये सान्ता क्रोचे सुल्लार्नो नावाचं गाव आहे, तिथल्या टॅनरी यासाठीच प्रसिद्ध. असं कातडं सुरुवातीला जरा कडक लागतं, मग हाताच्या घामाने, उन्हाने गडद होत जातं आणि मुरतं. दहा वर्षांची बॅग पाहिजे असेल तर ही.

ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. पट्ट्याच्या टोकाला किंवा आतल्या खिशाच्या कडेला रंगाचा जाड थर देऊन कड बुजवली नसेल तर तंतू दिसतात, उसाच्या चोथ्यासारखे. नुसता रबरासारखा सरळ काप दिसला की समजायचं चुरा दाबून केलेला माल आहे, वर प्लास्टिकचा मुलामा. घासाघीस यांच्या ११० युरोंचे पापुद्रे तिथूनच निघाले. मग अंगठ्याने दाबा. खऱ्या कातड्यावर बारीक सुरकुत्या पसरतात आणि सोडल्यावर विरतात, नकलीवर नुसता खड्डा पडतो. आणि वास घ्या, लाजू नका. झाडपाल्याच्या मालाला गोडसर, लाकडी वास येतो. पेट्रोलसारखा वास आला तर नमस्कार करून पुढे.

"व्हेरा पेल्ले" या छापावर फार जाऊ नका. त्याचा अर्थ खरं चामडं, एवढाच. चांगलं चामडं असा नाही. शिलाई बघा, टाके समान अंतरावर आहेत का, हँडलच्या बुडाला दुहेरी टाका आहे का. ओझं तिथेच येतं.

मेतकूटभात | १५ सप्टेंबर

पंचगंगा, हे प्रिंट काढून पर्समध्ये ठेवतेय. मनापासून धन्यवाद!

अर्नोकाठची | १६ सप्टेंबर

मी फ्लोरेन्समध्ये नऊ वर्षं राहतेय, म्हणून जरा सविस्तर.

आधी पत्ता शोधायची गंमत, कारण इथे प्रत्येक पाहुणा चकतो. या शहरात घरांना दोन प्रकारचे क्रमांक आहेत. राहत्या घरांचे निळे किंवा काळे, दुकानांचे लाल. दोन्ही मालिका एकाच रस्त्यावर आपापल्या चालीने चालतात. त्यामुळे ५ आणि लाल ५ यांच्यात अर्धा रस्ता अंतर असू शकतं. पत्त्यात आकड्यापुढे "आर" असेल तर तो लाल, म्हणजे "रोस्सो". आमच्याकडे आलेले काका-काकू एका दुकानाच्या शोधात भलत्याच घराची घंटा वाजवून आले होते. आतल्या आजींनी त्यांना पाणी दिलं, हा भाग वेगळा.

दुकानात पाऊल टाकताच "बोन्जोर्नो" म्हणा, निघताना "ग्रात्सिए, अरिवेदेर्ची". हे फार मनावर घेतात. न बोलता आत शिरून वस्तू उलट्यापालट्या करणाऱ्याला इथे उद्धट समजतात, आणि मग तुम्हाला मागची चांगली पेटी काही उघडून दाखवत नाहीत. भाजीबाजारात फळं स्वतः चाचपायची नाहीत, दुकानदाराला सांगायचं. साबांना हे आधी समजावा, कारण आपल्या बायका टोमॅटो दाबल्याशिवाय घेत नाहीत.

भाव: बाजारातल्या गाड्यांवर करा, दुकानात नको. कारागिराच्या दुकानात किमतीची चिठ्ठी लावलेली असते ती शेवटची. दोन-तीन वस्तू घेतल्या तर हसून "ऊन पिक्कोलो स्कोन्तो?" (थोडी सूट?) विचारायला हरकत नाही.

चामड्यासाठी माझं मत: फ्लोरेन्समधल्याच सान्ता क्रोचे चर्चच्या मागच्या अंगाला "स्कुओला देल कुओयो" आहे, म्हणजे चामड्याची शाळा. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या फ्रान्सिस्कन साधूंनी आणि दोन चामडेवाल्या घराण्यांनी मिळून काढली. युद्धात अनाथ झालेल्या मुलांच्या हाताला काम मिळावं म्हणून. मठाच्या जुन्या ओवऱ्यांमध्ये माणसं बसून कापताना, शिवताना, सोन्याचा वर्ख उमटवताना दिसतात. घेतलेल्या वस्तूवर तुमची आद्याक्षरं उमटवून देतात. स्वस्त नाही, आधीच सांगते. पण नुसतं बघायला गेलात तरी पुढे बाजारातली बॅग हातात घेतल्यावर काय बघायचं ते कळतं. म्हणून आधी तिथे, मग बाजारात. उलट क्रम करू नका. नदीपलीकडे ओल्त्रार्नो भागातही छोट्या कार्यशाळा आहेत. सान्तो स्पिरितो चर्चच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये चौकटी करणारे, तांब्याचे, पुस्तकबांधणीचे. दार उघडं असेल तर डोकवा. दुपारी एक ते साडेतीन बरेच जण बंद करून जेवायला जातात आणि सोमवारी सकाळीही पुष्कळांना कुलूप असतं.

उंटावरचा शहाणा | १६ सप्टेंबर

हे सगळं छान, पण "मेड इन इटली" म्हणजे इटालियन माणसानेच केलेलं असं नाही, हेही सांगा की. फ्लोरेन्सपासून वीसेक किलोमीटरवर प्रातो आहे. युरोपातल्या मोठ्या चिनी वस्त्यांपैकी एक तिथे, आणि कपड्यांचे शेकडो कारखाने त्यांचे. चिठ्ठी इटलीची, कारण वस्तू इटलीतच शिवलेली.

अर्नोकाठची | १६ सप्टेंबर

बरोबर आहे. प्रातो शेकडो वर्षांपासून कापडाचं गाव, त्यात आता ही नवी माणसं. त्यांनी केलेलं वाईटच असं मात्र मी म्हणणार नाही. पण जी वस्तू इथे शिवलेलीही नाही ती घेऊ नका, एवढं तर करता येईल ना? सान लोरेन्झोला मी एका मैत्रिणीसोबत होते. तिने "टस्कन", म्हणजे इथल्या प्रांतातली, म्हणून सुंदर मोरपंखी शाल उचलली, पंचवीस युरो. आतली चिठ्ठी उलटवली तर "मेड इन इंडिया". विक्रेता बिलकुल न ओशाळता म्हणाला, "मॅडम, बेस्ट क्वालिटी, युवर कंट्री."

घासाघीस | १६ सप्टेंबर

😂😂 हा माझ्याशी बोलला तोच असणार.

सराफकट्टा | १७ सप्टेंबर

साबांच्या पाटल्यांसाठी. पोन्ते वेक्किओ हा पूल १३४५ चा. त्यावर पूर्वी खाटकांची दुकानं होती. १५९३ मध्ये तिथल्या राज्यकर्त्याने, फेर्दिनांदो द मेदिचीने, वासाला कंटाळून (वरच्या मार्गिकेतून त्याची ये-जा होती) खाटकांना हलवलं आणि सोनारांना बसवलं. तेव्हापासून तिथे सोनारच.

आता कामाचं. इटलीत दागिना १८ कॅरेटचा, शिक्का ७५०. आपल्याकडे २२ कॅरेट, शिक्का ९१६. म्हणजे शंभर ग्रॅमच्या दागिन्यात तिकडे ७५ ग्रॅम सोनं, इथे साडेएक्याण्णव. रंगही जरा फिका दिसतो. ७५० च्या शेजारी एक चांदणी, क्रमांक आणि जिल्ह्याची दोन अक्षरं असतात. "एफआय" म्हणजे फ्लोरेन्स, "एआर" म्हणजे आरेत्सो. आरेत्सो हे दागिन्यांच्या कारखान्यांचं गाव. पुलावरच्या दुकानात आरेत्सोचा माल असला तर त्यात फसवणूक काही नाही, पण "आम्ही मागेच घडवतो" असं कुणी म्हणालं तर शिक्का बघून हसायला तुम्ही मोकळे.

गुंतवणूक म्हणून अजिबात घेऊ नका. घडणावळ भरपूर असते, आणि परत इथे मोडायला आणलंत तर आमच्यासारखा माणूस १८ कॅरेटचाच भाव देणार, नक्षीचे शून्य. आवड म्हणून एखादं बारीक कोरीव पदक किंवा कानातले घ्या. पाटल्या लक्ष्मी रोडला. परतताना कस्टममध्ये दागिन्यांचे नियम वेगळे असतात, निघण्याआधी बघून घ्या आणि पावती हातातल्या सामानात ठेवा.

संध्याकाळी दुकानं बंद व्हायच्या वेळी मात्र साबांना पुलावर नक्की न्या. प्रत्येक दुकान जाड लाकडी फळ्यांनी मिटतं, लोखंडी कड्याकोयंड्यांसकट. रांगेने जुन्या पेटाऱ्या मांडून ठेवल्यासारखा पूल दिसतो.

मेतकूटभात | १७ सप्टेंबर

"पाटल्या लक्ष्मी रोडला" हे मी साबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, या माणसाचं दुकान कुठे आहे ते विचार.

शाईची दौत | १८ सप्टेंबर

किरकोळ भेटींसाठी कागद! वजनाला हलका, फुटत नाही, आणि शहराचा खास. संगमरवरी नक्षीचा कागद. ट्रेमध्ये गोंदाचं दाट पाणी, त्यावर रंगाचे थेंब तरंगतात, फणीने ओढले की मोरपिसासारखी नक्षी, वर कागद ठेवायचा आणि अलगद उचलायचा. पिट्टी राजवाड्याजवळ "जुलिओ जानिनी" हे १८५६ पासूनचं दुकान आहे. "इल पापिरो"च्या शाखा शहरभर आहेत, पेन्सिलीपासून वह्यांपर्यंत काहीही. दोन युरोची पेन्सिलसुद्धा शोभते.

अवांतर: ही कला आपल्याला परकी नाही. सतराव्या शतकात विजापूर दरबारात याच अब्री कागदातून चित्रं काढत, हडकुळ्या घोड्याचं एक तर जगभरच्या संग्रहालयांत नावाजलेलं. फ्लोरेन्समध्ये तो ट्रे बघताना मला सारखं विजापूर आठवत होतं.

आणि एक विचित्र माहिती. रंग पाण्यावर पसरावा म्हणून परंपरेने त्यात बैलाचं पित्त घालतात. सोवळ्यातल्या नणंदेला वही देताना हे सांगू नका.

उंटावरचा शहाणा | १८ सप्टेंबर

सुगंधाची आवड असेल तर "सान्ता मारिया नोव्हेल्ला"ची औषधशाळा. व्हिया देल्ला स्काला, स्टेशनपासून चालत. डोमिनिकन साधू १२२१ पासून तिथे, औषधी बागेतून सुरुवात, आणि १६१२ पासून दुकान लोकांसाठी खुलं. छतावर चित्रं, भिंतीला काचेची कपाटं, आत शिरल्यावर आपोआप हळू बोलायला लागतो. साबण घ्या, अत्तराच्या किमती बघून नुसता वास घ्या. (मलाही कधीतरी चांगलं लिहिता येतं.)

मेतकूटभात | १९ सप्टेंबर

टॅक्सबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. आणि ब्रँडेड बॅगा रस्त्यावर अगदी स्वस्त मिळतात म्हणे?

अर्नोकाठची | १९ सप्टेंबर

दुसऱ्याचं आधी: रस्त्यावर चादर पसरून नामांकित ब्रँडच्या बॅगा विकतात त्या नकली. इथे विकणाऱ्यालाच नाही, घेणाऱ्यालाही दंड आहे, ७,००० युरोपर्यंत जाऊ शकतो. तीस युरोच्या बॅगेपायी हे कशाला? उफ्फिझी संग्रहालयाच्या आसपास रस्त्यावर चित्रांचे कागद पसरलेले असतात, तिथे खाली बघून चाला. चुकून पाय पडला की "भरून द्या" म्हणून मागे लागतात.

टॅक्स: व्हॅट २२ टक्के, पण तो किमतीत धरलेला, म्हणजे छापील किमतीच्या १८ टक्के. त्यातून मधली कंपनी आपली दलाली कापते. हातात साधारण १२ टक्क्यांच्या आसपास येतात. एका दुकानात एका वेळी ७० युरोंच्या वर खरेदी हवी (फेब्रुवारी २०२४ आधी ही मर्यादा १५४.९४ होती, जुन्या ब्लॉगांमध्ये तोच आकडा सापडेल). पासपोर्ट जवळ ठेवा, फॉर्म दुकानातच भरून घ्या. युरोपियन युनियनच्या बाहेर राहणाऱ्यालाच मिळतो, त्यामुळे जर्मनीतल्या भाच्याच्या नावावर बिल करू नका.

विमानतळावर चुकतात ते असं. बॅग मोठ्या सामानात जाणार आणि त्यावर थेट मुंबईचा टॅग लागणार असेल तर सामान देण्याआधी, जिथे देताय तिथेच कस्टमचं काम उरका. वस्तू हातातल्या सामानात असेल तर युनियनमधल्या शेवटच्या विमानतळावर. झुरिचमार्गे जाणाऱ्यांनो, स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही! तिथे पोचल्यावर आठवलं तर गेले पैसे.

घासाघीस | १९ सप्टेंबर

खाण्याचं राहिलं. सान लोरेन्झोचं मेर्कातो चेन्त्राले, लोखंड आणि काचेची १८७४ ची इमारत. खाली बाजार, वर खाऊगल्ली. सुकवलेले पोर्चिनी मशरूम घ्या, पाकीट उघडताच घर भरून जातं.

अर्नोकाठची | २० सप्टेंबर

तिथे खाली सकाळीच जा, दुपारी दोनच्या सुमाराला आवरायला लागतात. मी स्वतः सान्ताम्ब्रोजोच्या बाजारात जाते, पर्यटक कमी आणि आजीबाई जास्त. बदामाची कडक कान्तुच्ची बिस्किटं ऑफिससाठी उत्तम, अंडं असतं एवढं सांगून वाटा. ट्रफल तेलाच्या बाटल्या टाळा, बऱ्याच नुसत्या इसेन्सच्या. साबा शाकाहारी असतील तर चीज जपून: पार्मेजानो आणि बहुतेक पेकोरीनो (मेंढीच्या दुधाचं चीज) वासराच्या किंवा कोकराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विरजण, घालून करतात. चिठ्ठीवर "काल्यो वेजेताले" (वनस्पतीचं रेनेट) शोधा. ऑलिव्ह तेल काळ्या बाटलीतलं, तोडणीचं वर्ष बघून. आणि तेल, वाईन मोठ्या सामानात. हातातल्या पिशवीतून नेलंत तर तपासणीत काढून घेऊ शकतात.

मेतकूटभात | २ नोव्हेंबर

आलो! वृत्तांत द्यायला उशीर झाला, दिवाळीचं होतं.

अर्नोकाठची यांचा क्रम पाळला. आधी चामड्याची शाळा. एक बाई खिडकीशी बसून पट्ट्याची कड हाडाच्या कसल्याशा तुकड्याने घासत होती. दहा मिनिटं तीच एक कड. साबा शेजारी उभ्या राहून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुरणाचा कट काढताना मी अशीच उभी असते, कुणी बघत नाही." तिथली मला आवडलेली बॅग बजेटच्या बाहेर होती. शेवटी ओल्त्रार्नोमध्ये एका छोट्या कार्यशाळेत घेतली, मधाच्या रंगाची, आत अस्तर नाही, कडेला उसाचा चोथा स्पष्ट! २१० युरो. मी वास घेतला तेव्हा म्हातारा कारागीर इतका खूश झाला की त्याने मागून अख्खं कातडं आणून पसरलं. नवऱ्याने तिथेच पट्टा, पाकीट आणि चष्म्याचं घर घेतलं. (सांगितलं होतं ना?)

फसगतही झाली. स्टेशनजवळच्या एका दुकानात नणंदेसाठी "चामड्याचे" हातमोजे घेतले, हॉटेलवर पोचल्यावर शिवण उसवली. पावती घेतली नव्हती. माझीच चूक, घाई केली.

सोनं घेतलं नाही. पुलावरच्या खिडकीत साबांनी किंमत वाचली, भागाकार केला आणि सराफकट्टा यांना आशीर्वाद दिला. त्याऐवजी मेर्कातो नुओव्हो बाजारातल्या ब्राँझच्या रानडुकराकडे, पोर्चेल्लीनोकडे गेलो. नाक चोळून चोळून सोन्यासारखं झालंय. नाक चोळलं की परत फ्लोरेन्सला येणं होतं आणि तोंडात ठेवलेलं नाणं खालच्या जाळीतून पडलं तर नशीब उघडतं म्हणतात. साबांनी दोन रुपयांचं नाणं ठेवलं. युरो वाया कशाला घालवायचा? पहिल्यांदा अडकलं. दुसऱ्यांदा गेलं.

टॅक्सचे सव्वीस युरो कार्डावर आले.

पंचगंगा | ३ नोव्हेंबर

फोटो टाका की बॅगेचा. कडेचा पाहिजे, पुढचा नको.

मेतकूटभात | २८ जून

धागा वर काढतेय. पंचगंगा, मदत! पुण्यात पाऊस सुरू झाला आणि बॅगेवर पांढरे ठिपके आलेत. बुरशी आहे का? फेकून द्यायची वेळ नाही ना आली?

पंचगंगा | २८ जून

अहो ताई, काय झालेलं नाही. झाडपाल्याचं कातडं आहे म्हणून बुरशीला गोड लागतं. कोरड्या सुती फडक्याने बाहेर गॅलरीत पुसा, घरात नको, नाहीतर बुरशी सगळीकडे बसेल. फडकं टाकून द्या. मग सावलीत, वाऱ्यावर दोन दिवस. उन्हात अजिबात नाही, तडे जातील. नंतर रंगहीन मेणाचं पॉलिश अगदी पातळ हाताने. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली असणार तुम्ही, तिथेच चुकलं. आत कागदाचे बोळे भरा आणि जुन्या सुती साडीत सैल गुंडाळून ठेवा. आमच्याकडे पावसाळ्यात चपला अशाच ठेवतात.

मेतकूटभात | २९ जून

प्लास्टिकच्याच पिशवीत होती. कसं ओळखलंत? बाकी सगळं केलं. साबा म्हणतायत नऊवारी मिळणार नाही, उशीची खोळ घे.